गाव धूसर, चेहरा स्पष्ट

२०१५च्या मार्चमध्ये ६२वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि मराठी सिनेमाच्या पदरात त्या वर्षी भरभरून पडलं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. त्याच यादीत भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’चं नाव दोनदा होतं. एकदा विशेष ज्युरी पुरस्कारासाठी, आणि दुसऱ्यांदा प्रत्यक्ष लोकेशनवर केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट दिग्दर्शकाने घरची जमीन विकून पडद्यावर आणली होती. हातात पैसा कमी असताना तो कशावर खर्च करायचा, याचं उत्तर त्या दुसऱ्या पुरस्कारात आहे. नगर जिल्ह्यातल्या नव्या पोरांनी ते अजून नीट वाचलेलं दिसत नाही.

कऱ्हाडे शिकले अहिल्यानगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात. नागराज मंजुळेही तिथलेच. करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून आलेल्या या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि शहरातलं वारं बदललं. सिनेमा करायला मुंबईत चाळीतली खोली घेऊन वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागतात, ही समजूत इथेच पहिल्यांदा मोडली. आज श्रीरामपूर, संगमनेर, पारनेर, पाथर्डी, कुठल्याही तालुक्याच्या गावी लघुपट करणारी चार मुलं सापडतात. हे फार मोलाचं आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कामाकडे कौतुकाच्या पलीकडे जाऊन पाहायला हवं.

या मुलांकडचं यंत्र किती बदललं ते आधी पाहू. फिल्मच्या जमान्यात १६ मिलिमीटरचा ४०० फुटी रोल अकरा मिनिटांत संपायचा. धुलाई आणि प्रिंटचा खर्च वेगळा, त्यामुळे नवखा माणूस रिटेक म्हणायलाही कचरायचा. २००८मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी चित्रीकरण होऊ लागलं. २०१२मध्ये ब्लॅकमॅजिकने सिनेमाचा कॅमेरा स्वस्तात दिला. २०१५मध्ये शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ आयफोन फाइव्ह एसवर चित्रित होऊन थिएटरात लागला. २०२३मध्ये तर ‘द क्रिएटर’ हा हॉलिवूडचा मोठा चित्रपट सोनीच्या एफएक्स थ्रीवर झाला. हाच कॅमेरा आपल्याकडे लग्नाच्या मांडवातही दिसतो. तेव्हा ‘आमच्याकडे चांगला कॅमेरा नव्हता’ हे कारण आता संपलं.

लग्नाच्या मांडवाचा उल्लेख मुद्दाम केला. जिल्ह्यातल्या बहुतेक लघुपटांचा कॅमेरा भाड्याने येतो तो लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून, आणि पुष्कळदा त्याच्यासोबत कॅमेरामनही तोच येतो. या माणसांचा हात तयार असतो. घाईगर्दीत शॉट न चुकवणं, पळत्या वरातीत फोकस न सोडणं हे कसब फिल्म स्कूलमध्ये सहज मिळत नाही. मात्र कॅमेऱ्याबरोबर प्री-वेडिंगच्या सवयीही येतात: गिंबलवर तरंगत जाणारी चाल, कारण नसताना स्लो मोशन, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे धूसर केलेला बॅकग्राउंड.

या धूसरपणाकडे जरा जवळून पाहायला हवं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर १.८ वर उघडलं आणि माणूस दोन मीटरवर उभा केला, की जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. मागचा वाडा, चिंचेचं झाड, गोठ्यातली गाय, ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली आजी हे सगळं रंगांचे गोळे होऊन जातं. लग्नात ते योग्यच, कारण तिथे मागचा पत्र्याचा मांडव आणि खुर्च्यांचा ढीग लपवायचा असतो. पण नगरच्या मुलाकडे मुंबईच्या निर्मात्याकडे नसलेली एकच गोष्ट फुकट असते, ती म्हणजे त्याचं गाव. तो नेमकं तेच पुसून टाकतो. तीच फ्रेम २८ मिलिमीटरच्या लेन्सवर, अ‍ॅपर्चर आठवर आणि फोकस तीन मीटरवर ठेवून घेतली, तर दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंतचं सगळं दिसायला लागतं. अंगणात भांडणारे दोघे भाऊ, दारातून ऐकणारी वहिनी आणि रस्त्यावरून वळून बघणारा शेजारी एकाच शॉटमध्ये येतात. नातं सांगायला मग संवाद लागत नाही.

मंजुळे यांच्या ‘फँड्री’त याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. गोष्ट नगरजवळच्या अकोळनेरात घडते. नायक जब्याच्या घरचे मारलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात आणि मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं दिसत राहतात. छायालेखक विक्रम अमलादी यांनी ती भिंत धूसर केली असती तर तो शॉट केवळ डुक्कर वाहून नेण्याचा उरला असता. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने. या दोन्ही शॉट्सचं बळ कॅमेरा कुठे उभा केला यात आहे, आणि जागा निवडायला भाडं पडत नाही.

नगरच्या प्रकाशाचंही तसंच. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. आभाळ मोकळं, ऊन रखरखीत, हवेत धूळ. आजचे अनेक कॅमेरे लॉग पद्धतीत चित्रीकरण करताना आयएसओ ८००च्या आसपास सर्वांत चांगलं काम करतात. अशा वेळी भर दुपारी अ‍ॅपर्चर आठवर आणायलासुद्धा प्रकाश कमी करणारा, सुमारे सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो. तो नसला की मुलं शटरचा वेग हजार-दोन हजारांवर नेतात, आणि मग चालणाऱ्या माणसाचे हातपाय तुटक तुटक हलताना दिसतात. पडद्यावर काहीतरी खटकतं, पण काय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. चांगला एनडी कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो, तरी सामानाच्या यादीत तो शेवटी असतो. खरं तर बारा ते तीन कॅमेरा बंद ठेवून तालीम करावी, सकाळ-संध्याकाळ शूटिंग उरकावं, आणि दुपारचा सीन घ्यायचाच असेल तर तो कडुलिंबाच्या सावलीत थर्माकोलची शीट धरून घ्यावा. रात्रीच्या सीनला वेगळी काळजी लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर हे बहुतेक वेळा निभावतं. नुसत्या डोळ्यांनी हा दोष दिसत नाही. तो दिसतो एडिटिंगच्या टेबलावर, गावातला मुक्काम आटोपल्यानंतर.

अलीकडच्या कामात, गाव पुसून न टाकता कॅमेऱ्याची जागा निवडण्याच्या या विचाराच्या सर्वांत जवळ जातो तो रोहन परशुराम कनवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार त्याने पटकावला. तिथे पोहोचलेला हा पहिला मराठी कथाचित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट संगमनेर तालुक्यातल्या खरशिंद्याची आहे. विकास अर्स यांचा कॅमेरा फारसा हलतच नाही. माणसं फ्रेममध्ये येतात, बसतात, बोलतात किंवा गप्प राहतात, उठून जातात. पार्श्वसंगीत नाही. सुतकाच्या घरात वेळ जसा साचतो तसा तो पडद्यावर साचतो. कोणी म्हणेल की ही तर ‘कोर्ट’ची वाट. मृणाल देसाई यांनीही तिथे कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवला होता. पण ‘कोर्ट’मधला स्थिरपणा व्यवस्थेचा कोरडेपणा दाखवतो, ‘साबर बोंडं’मधला जिव्हाळ्याला अवकाश देतो. तिपाई दोन्हीकडे आहे, तिचा अर्थ मात्र गोष्ट ठरवते. अशा स्थिर फ्रेमला महागडं काही लागत नसलं तरी नटांची तयारी लागते. कटचा आधार नसतो, एकाने वाक्य चुकवलं की अख्खा शॉट पहिल्यापासून घ्यावा लागतो.

मोबाइलवर उभं चित्रीकरण करणाऱ्यांना नाकं मुरडण्याचंही कारण नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्यावर अच्युतानंद द्विवेदी यांनी केलेला छोटासा माहितीपट उभ्या चौकटीतलाच होता. २०१९मध्ये कानमध्ये नेस्प्रेसो टॅलेंट्स स्पर्धेत त्याला तिसरा क्रमांक मिळाला. उभ्या चौकटीत माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो. ती आधी ठरवून वापरली तर तिचंही व्याकरण घडतं. आडवं घेतलेलं चित्र नंतर रीलसाठी कापलं, तर दोन्हीकडचं बिघडतं.

ड्रोनबद्दल थोडंच सांगायचं. सुरुवातीला गावाचा ड्रोन शॉट हा आता जिल्ह्यातल्या लघुपटांचा ठरलेला नमस्कार झाला आहे. आकाशातून सगळी गावं सारखीच दिसतात, त्यामुळे त्यातून नवं काही कळत नाही. शिवाय नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि के. के. रेंजचा लष्करी शेजार आहे, शिर्डीजवळ काकडीला विमानतळ आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय नकाशावर विभाग पाहिल्याशिवाय उड्डाण करणं अंगाशी येऊ शकतं.

आता आवाज. सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. स्थानिक लघुपट महोत्सवात बसलं की चित्र बहुतेकांचं बरं असतं, आणि पहिल्या संवादाला प्रेक्षक पुढे झुकतात, कारण ऐकू येत नाही. कॅमेऱ्यावरचाच माइक, तोही चार मीटर दूर. सुप्याच्या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथे वारा भरपूर म्हणून. तोच वारा केसाळ विंडशील्ड नसलेल्या माइकवर फडफडत बसतो. विहिरीवरची मोटर, रस्त्यावरचा ऊस भरलेला ट्रॅक्टर, दूरवरच्या देवळातला भोंगा हे सगळं त्यात मिसळतं. मग पुण्यात किंवा मुंबईत डबिंग केलं जातं. पहिल्यांदाच काम करणारा गावचा नट बंद खोलीत हेडफोन लावून ओठांशी ओठ जुळवत बसतो आणि त्याच्या बोलीतला ठसका तिथे हरवतो. पारनेरचा हेल, अकोल्याच्या डोंगरातलं बोलणं, धनगरी शब्द मेंढरांना हाकताना ज्या वेगात तोंडातून निघतात तो वेग, यातलं काही स्टुडिओत परत मिळत नाही. ‘ख्वाडा’ पाहताना, त्याहून ऐकताना, हे पटतं. तिथे माणसांच्या बोलण्याला त्यांच्या रानाचा आवाज चिकटलेला आहे.

चित्रीकरणाच्या वेळीच आवाज भरण्याला, म्हणजे सिंक साउंडला, खर्च येतो हे खरं, पण तो कॅमेऱ्यापेक्षा बराच कमी असतो. एक बूम माइक, दोन लेपल माइक, एक रेकॉर्डर, वाऱ्यासाठी आवरण, आणि दुसरं कसलंही काम न करणारा एक माणूस एवढी ही गरज आहे. प्रत्येक लोकेशनवर मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून तिथला मोकळा आवाज भरून घ्यायचा, एवढी शिस्त पाळली तरी एडिटिंगमध्ये निम्मा त्रास वाचतो. खरी अडचण माणसाची आहे. कॅमेरा शिकायला मुलं रांग लावतात, बूम धरायला कोणी तयार नसतं. ज्या कॉलेजने दोन राष्ट्रीय पुरस्कारविजेते दिग्दर्शक घडवले, त्याने आता ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र वर्ग भरवावा आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक साउंड किट जिल्ह्यातल्या लघुपटांसाठी नाममात्र भाड्याने उपलब्ध करावं. आणि यंदाच्या दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या दिवसांत, जो कोणी पहिला लघुपट करायला निघेल त्याने कॅमेऱ्याचा सौदा करण्याआधी ध्वनिमुद्रकाच्या तारखा पक्क्या कराव्यात.