काठ आणि रेषा

इव्ह सँ लोराँ याने १९६५ साली मोंद्रियानच्या चित्रांवरून बेतलेल्या झग्यांत अलंकरणाचा त्याग दिसतो खरा. परंतु तो शिवणीने साधलेला आहे. लोकरी कापडाचे रंगीत तुकडे जोडून, देहाचा उंचसखलपणा सांध्यांत लपवून (हे कौशल्य थोडे नव्हे) ती रेषा सपाट भासविली जाते. कामठीच्या हातमागावर विणलेल्या लुगड्याची रेषा उभ्याआडव्या धाग्यांतूनच निघते. तेथे कात्रीला काम नाही. वस्त्राच्या कडेला व नदीच्या तीराला मराठीत 'काठ' हा एकच शब्द असावा, हे सूचक होय. मोंद्रियानच्या रेषा बहुधा चौकटीबाहेर जाऊ पाहतात. काठापाशी वस्त्र संपते. अशा लुगड्याला 'मोंद्रियानसारखे' म्हणून गौरविणारी समीक्षा हा भेदच पुसून टाकते.