वारसा-फेरीच्या निवेदनाची भाषा

ऐतिहासिक वास्तूंचे पायी दर्शन घडविणारा जो उपक्रम ‘हेरिटेज वॉक’ या नावाने रूढ झाला आहे, त्याचा विचार आजवर मुख्यतः पर्यटन आणि वास्तुरक्षण या दोन अंगांनी झाला. वस्तुतः अशी फेरी हा एक भाषिक व्यवहारही होय. इमारत स्वतः बोलत नाही. तिच्यापुढे उभा राहून कोणी तरी बोलतो, आणि ऐकणारा जे घरी नेतो ते बहुधा दगडविटांचे स्मरण नसून त्या निवेदनातील वाक्ये असतात. म्हणून या वाक्यांची घडण तपासणे हे भाषाभ्यासकाचे कामच ठरते. चंद्रपुरात २०१७ पासून परकोटाच्या स्वच्छतेबरोबर अशा फेऱ्यांनाही चालना मिळालेली आहे. तेव्हा या परीक्षणाला येथे विशेष निमित्त आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत ब्रिटिशांनी वसविलेले गिरिस्थान नाही. तथापि फेरीतील निवेदनाचा जो नमुना आज सर्वत्र अनुसरला जातो, त्याला गिरिस्थानांच्या वर्णनाचे वळण आहे. विदर्भापुरते बोलावयाचे तर तो नमुना अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यात आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर महाबळेश्वरात स्पष्ट दिसतो. म्हणून प्रथम त्याचे स्वरूप पाहून मग तो वनजिल्ह्यांना कितपत लागू पडतो हे ठरविणे सोयीचे होईल.

चिखलदऱ्याच्या बहुतेक वर्णनांचा आरंभ एकाच आशयाच्या वाक्याने होतो : हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदरा शोधून काढला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दोष आहे तो क्रियापदाच्या निवडीत. ‘शोधून काढणे’ या क्रियेत कर्म पूर्वी अज्ञात होते असे गृहीत असते; ते कोणाला अज्ञात होते, हे मात्र वाक्य सांगत नाही. शेजारचा गाविलगड १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वली याने बांधविला आणि आर्थर वेलस्ली याने १५ डिसेंबर १८०३ रोजी तो हल्ला करून घेतला, म्हणजे इंग्रजी फौजही या परिसरात वीस वर्षे आधीच येऊन गेली होती. मेळघाटातील कोरकूंची वस्ती तर यांहून जुनी. त्यांची भाषा मुंडा गटातील असून सभोवतीच्या मराठी-हिंदीहून आणि शेजारच्या द्राविडी गोंडीहूनही ती कुलाने वेगळी आहे. मराठीत ‘सापडणे’ हे क्रियापद अशा प्रसंगी अधिक प्रामाणिक ठरते. ‘रॉबिन्सनला चिखलदरा सापडला’ या वाक्यात ज्याला वस्तू सापडते त्याचे पद चतुर्थीत जाते आणि विधान त्याच्या अनुभवापुरते मर्यादित राहते. एका विभक्तिप्रत्ययाने एवढे अंतर पडते.

याच गावाच्या नावाविषयी कीचकवधाची कथा सांगून ‘कीचकदरा’पासून ‘चिखलदरा’ झाला, असेही श्रोत्यांस ऐकविण्यात येते. ‘क’ व ‘च’ यांचा क्रम का उलटला आणि दुसऱ्या ‘क’च्या जागी ‘ल’ कोठून आला, याचा उलगडा नियमित ध्वनिपरिवर्तनाने होत नाही. ‘चिखल’ आणि ‘दरा’ ही दोन्ही पदे मराठीत सरळ उपलब्ध आहेत. म्हणून ही लोकव्युत्पत्ती होय. पण लोकव्युत्पत्ती म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. आपले स्थान महाभारताशी जोडावे ही समाजाची इच्छा तीत नोंदली गेली आहे, आणि तसे सांगितले तर ती ऐकण्यासारखीच आहे.

महाबळेश्वराच्या निवेदनात दुसरा विशेष आढळतो. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तेथे आरोग्यस्थान वसविले आणि बाजारपेठेला ‘माल्कमपेठ’ हे नाव मिळाले. पुढे सिंदोळ्याचा ‘विल्सन पॉइंट’ झाला, नाके खिंडीचा ‘केट्स पॉइंट’ झाला. निवेदक नव्या नावांमागील गव्हर्नर व त्याची कन्या यांचा परिचय करून देतो; जुन्या नावांचा उच्चार क्वचितच होतो. वास्तूंच्या बाबतीत ‘रस्ते तयार करण्यात आले’, ‘बागा लावण्यात आल्या’ अशी वाक्ये येतात. ‘-ण्यात येणे’ हा प्रयोग सरकारी व वृत्तपत्री गद्यात विशेष फोफावला. त्याची सोय अशी की कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण वाटते. महाबळेश्वरात माल्कमच्या काळी चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग होता आणि तो १८६४ पर्यंत चालला. रस्त्यांच्या व बागांच्या कामात या कैद्यांचे श्रम होते. बटाट्याची लागवड त्यांच्या हातची होती. फ्रिअर हॉलचा उल्लेख करणारी फेरी या कैद्यांपाशी थांबत नाही, कारण प्रयोगानेच त्यांना वाक्याबाहेर ठेवलेले असते.

वास्तुशैलीच्या संज्ञांचीही अशीच गत आहे. उतरते छप्पर आणि सभोवार ओसरी असलेल्या घरास निवेदक ‘इंग्रजी पद्धतीचा बंगला’ म्हणतो. पण ‘बंगला’ हा शब्द बंगालमधील झोपडीवजा घराच्या नावावरून इंग्रजीत गेलेला आहे. जी वास्तू इंग्रजी म्हणून दाखविली जाते तिचे नावच तिच्या देशी पूर्वजाची साक्ष देते.

हा नमुना चंद्रपुरास लावून पाहिल्यास त्याची अपुरी बाजू ठळकपणे दिसते. येथे नव्या सत्तेला निर्जन माथा शोधावा लागला नाही. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या चार वेशींचे गोंडकालीन तटबंद नगर उभेच होते. १८१८ मध्ये इंग्रजी सैन्याने ते जिंकले आणि १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर ते ब्रिटिश अंमलाखाली आले. गोंड राजांच्या जुन्या वाड्यात तुरुंग आला. तेव्हा येथील महत्त्वाची वासाहतिक वास्तू कोणती, या प्रश्नाचे खरे उत्तर, वसाहतीने न बांधलेली वास्तू, असे द्यावे लागते. बांधणाऱ्याचे नाव आणि बांधणीचे साल यांवर उभे असलेले निवेदन अशा ठिकाणी मुके होते. वास्तू कोणी बांधली याबरोबरच ती कोणी, कशासाठी वापरली, हे सांगणारी वाक्ये त्याच्यापाशी नाहीत.

याच तुरुंगाच्या परिसरात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना फाशी झाली. ‘फाशी देण्यात आली’ हेच वाक्य येथेही सहज तोंडी येते. पण ज्या पिंपळाशी ही स्मृती निगडित आहे, तेथे दरवर्षी त्या दिवशी गोंड समाजातील लोक जमतात; त्यांच्या लेखी ही घटना कर्त्यावाचून घडलेली नाही. ब्रिटिश अंमलदारांनी फाशी दिली, असे कर्तृपद घालून म्हटल्याने वाक्य फारसे लांबत नाही. श्रोत्याला मात्र सत्ता कोणाची होती हे कळते.

दक्षिणेस सिरोंचाकडे वळल्यास आणखी एक उणीव ध्यानात येते. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले व अपर गोदावरी जिल्हा स्थापन होऊन सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे झाले. गोदावरीतून जलवाहतूक करण्याची मोठी योजना त्या काळी हाती होती. ती १८७१ मध्ये सोडून देण्यात आली आणि १८७४ मध्ये हा जिल्हाही मोडला. सिरोंचातील जुने विश्रामगृह पाहणाऱ्याला हा फसलेल्या मनोरथाचा इतिहास क्वचितच ऐकावयास मिळतो. जवळच ग्लासफर्डपेठा हे गाव आहे. त्या जिल्ह्याचा उपायुक्त ग्लासफर्ड याचे आडनाव आणि तेलुगू वळणाचे ‘पेटा’ हे उत्तरपद यांचा तो समास. महाबळेश्वरी ‘माल्कमपेठ’ आणि येथे ‘ग्लासफर्डपेठा’ : पूर्वपद साहेबाचे, उत्तरपद स्थानिक बोलीचे. वसाहतीचे सर्वांत टिकाऊ बांधकाम कित्येकदा असे शब्दातच असते.

अखेरीस, पायी फेरीच्या आवाक्यात न येणारी एक रचना येथे आहे, ती म्हणजे ‘राखीव जंगल’. १८७८ च्या वनकायद्याने ही वर्गवारी पक्की केली. ‘राखीव’ हे ‘राखणे’पासून झालेले विशेषण, कोणी राखले आणि कोणासाठी, ही दोन्ही पदे त्यात गळलेली आहेत. आलापल्लीच्या सागवानात उभ्या असलेल्या वनविश्रामगृहाचा अर्थ या गळलेल्या पदांवाचून लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या घटनेने व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर गळलेले संप्रदान वाक्यात परत आणले.

यावर असा आक्षेप संभवतो की, दोन घटकांच्या हौशी फेरीत एवढ्या सूक्ष्म विवेकास वाव नसतो. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. या फेऱ्यांनी उपेक्षित वास्तूंकडे लोकांचे पाय वळविले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु येथे मागणी अधिक माहितीची नसून नेमक्या वाक्याची आहे. ‘शोधला’ऐवजी ‘सापडला’, ‘करण्यात आले’ऐवजी कर्त्याचे नाव, नव्या नावाबरोबर जुने नाव, एवढे पाळण्यास जादा वेळ लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या फेरीत गोंडी, माडिया किंवा तेलुगू घरी बोलणारी मुलेही चालणार आहेत. आपले पूर्वज या वास्तूंच्या गोष्टीत कर्ता होते, कर्म होते, की वाक्यातच नव्हते, हे त्यांना निवेदकाच्या प्रयोगावरूनच प्रथम कळणार आहे.