‘संप्रेरक’, ‘पातळी’ आणि ‘नियमन’ : प्राणिशरीरक्रियेच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषा ही केवळ शब्दांची यादी नव्हे. विषयातील कार्यकारणसंबंध विद्यार्थ्याच्या मनात कसा उभा राहावा, हे ती ठरविते. प्राणिशरीरातील संप्रेरके व रक्तदाब यांचा परस्परसंबंध हा या दृष्टीने कसोटीचा विषय होय. वऱ्हाडातील मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी अमरावतीस प्राणिशास्त्राकडे किंवा अकोल्यास पशुवैद्यकाकडे वळला, की त्याचे ग्रंथ इंग्रजी होतात आणि शाळेतील मराठी संज्ञा मागे पडतात. त्या संज्ञा टिकविण्याच्या योग्यतेच्या आहेत काय, हा प्रश्न म्हणूनच उपेक्षणीय नाही.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये ‘चेतविणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून प्रचारात आणली. ‘संप्रेरक’ या पर्यायात तोच धात्वर्थ उतरला आहे. मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींत मात्र ‘हॉर्मोन’ हेच रूप ठेवून ‘उत्तेजक स्राव’ असा खुलासा जोडलेला आढळतो. हा खुलासा सदोष होय. 1981 मध्ये द बोल्ड व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या हृदयातील अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे मीठ व पाणी अधिक बाहेर पडले आणि रक्तदाब उतरला. त्या अर्कातील संप्रेरक पुढे वेगळे करण्यात आले. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अशा स्रावास ‘उत्तेजक’ कसे म्हणावे? प्रेरणा मात्र आकुंचनाची असते, तशीच शैथिल्याचीही असू शकते. ‘संप्रेरक’ हाच शब्द ग्राह्य ठरतो तो यामुळे.

‘पातळी’ या शब्दाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. ऑलिव्हर व शेफर यांना 1895 मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब चढतो असे दिसले. त्यातील संप्रेरकास पुढे ‘व्हॅसोप्रेसिन’ हे दाबवाचक नाव मिळाले. वस्तुतः रक्तात नेहमी असणाऱ्या अल्प प्रमाणात त्याचे मुख्य कार्य मूत्रपिंडात पाणी राखण्याचे आहे. अतिरक्तस्रावासारख्या प्रसंगी पातळी पुष्कळ चढली, म्हणजे वाहिन्यांचे आकुंचन ठळक होते. ॲड्रेनॅलिनचीही गोष्ट अशीच. अल्प पातळीस ते स्नायूंतील वाहिन्या रुंदावते, उच्च पातळीस अनेक वाहिन्या आवळते. सारांश, ‘अमुक संप्रेरक रक्तदाब वाढविते’ हे विधान पातळीच्या निर्देशावाचून अपुरे होय.

तिसरा दोष क्रियावाचक नामाचा. ‘नियंत्रण’ व ‘नियमन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. नियंत्रणात एक हुकूम देणारा व दुसरा पाळणारा असतो. टिगरस्टेट व बेर्गमान यांनी 1898 मध्ये सशांच्या मूत्रपिंडातून ‘रेनिन’ मिळविले. 1934 मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या वृक्क-रोहिणी आवळून दीर्घकाळ टिकणारा उच्च रक्तदाब निर्माण केला. मूत्रपिंडातील रक्ताचा दाब घटला, की रेनिन अधिक स्रवते, त्यायोगे अँजिओटेन्सिन तयार होते, वाहिन्या आवळतात व दाब वाढतो. वाढलेला दाब पुन्हा रेनिनच्या स्रावास आळा घालतो. येथे हुकूम देणारा आणि पाळणारा असा भेद उरत नाही. कार्य हेच उलटून कारणावर परिणाम करते. या वर्तुळास ‘नियमन’ हेच नाव शोभते.

कोशकारांनी गोठ्यातील भाषेचीही दखल घेणे अगत्याचे होते. पूर्णाथडी म्हैस पाळणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यास ‘पान्हा’ हा शब्द शिकवावा लागत नाही. वासराच्या ढुसण्यांनी ऑक्सिटोसिन स्रवते व दूध उतरते, ही क्रिया त्या एका शब्दात सामावली आहे. बिथरलेले जनावर ‘पान्हा चोरते’ असे म्हणतात. तेव्हा ॲड्रेनॅलिनची पातळी वाढून कासेतील वाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन तेथे पुरेसे पोहोचत नाही आणि कास भरलेली असूनही धार लागत नाही. ‘चोरते’ हा जनावरावरील आरोप शास्त्रास मान्य होणार नाही. परंतु त्यामागील निरीक्षण अचूक आहे. एकच संप्रेरक रक्ताचा दाब चढविते व दुधाची धार अडविते, हे त्या विद्यार्थ्यास याच शब्दाच्या आधारे सर्वांत लवकर उमगेल. परिभाषेचे यश अखेर याच कसोटीवर ठरावयाचे आहे.