सूझांचा क्रूस

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी गोरेगावच्या आमच्या धर्मग्रामात क्रूसाच्या वाटेची भक्ती होते. चौदा स्थानांपुढे आपण गुडघे टेकतो आणि भिंतीवरील चित्रांकडे पाहतो. लहानपणापासून परिचित असलेल्या अशा चित्रांतील ख्रिस्त बहुधा गोरा, रेखीव आणि शांत असतो. तिसऱ्यांदा पडल्यावरही त्याच्या वस्त्राची चुणी मोडत नाही. या सवयीच्या डोळ्यांनी फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे १९५९ सालचे ‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र पाहणाऱ्याला धक्का बसल्यावाचून राहत नाही. त्याची छापील प्रतिकृती आम्ही घरी आणली तेव्हा आमच्या एका वृद्ध मावशींनी ती टेबलावर पालथी घातली आणि म्हणाल्या, “हा आपला येशू नव्हे.” मावशींचे हे वाक्य खरे की खोटे, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले. पुढे थोरली बहीणही गेली. आईने मुंबईत शिवणकाम करून मुलाला वाढविले. मुलाला देवी आल्या, तेव्हा तो बरा झाल्यास त्याला धर्मगुरू करीन असा नवस तिने केला आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कृतज्ञतेपोटी त्याच्या नावामागे ‘फ्रान्सिस’ जोडले. आमच्या गोरेगावात सेंट पायस सेमिनरी असल्यामुळे अशा नवसाचे मोल येथील मातांना सांगावयास नको. हा नवस मात्र फळला नाही. शाळेतून काढलेला हा मुलगा सर जे. जे. कलाशाळेत गेला आणि १९४५ साली राजकीय चळवळीतील सहभागामुळे तेथूनही बाहेर पडला. १९४७ साली त्याने रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ साली तो लंडनला गेला. तेथे काही वर्षे हलाखीत काढल्यावर १९५५ साली गॅलरी वनमधील प्रदर्शनाने त्याला कीर्ती मिळाली.

आपल्यावर चर्चचा मोठा प्रभाव पडला, पण तो सिद्धान्तांचा नव्हे, तर भव्य वास्तूचा आणि उपासनेच्या वैभवाचा, असे सूझांनी आपल्या आत्मपर लेखनात नमूद केले आहे. हे विधान त्यांच्या चित्रांची किल्ली होय. सोनेरी लाकडी संत, धूप, मोठा क्रूस आणि त्यावरील रक्तबंबाळ देह हे सारे त्यांनी बालवयात डोळ्यांत साठविले. श्रद्धा पुढे टिकली की नाही, याचा निवाडा आपण करू नये. प्रतिमा मात्र टिकल्या. १९५५ सालच्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’ या चित्रात बाणांनी विंधलेला संत सूटकोट घातलेला आधुनिक माणूस होऊन येतो.

‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र उंचीला माणसाहूनही थोडे मोठे आहे. त्यातील ख्रिस्त काळाभोर आहे. देहाच्या कडा काट्यांसारख्या टोकदार आहेत, जणू काटेरी मुकुट डोक्यावरून खाली उतरून सर्वांगात रुतला आहे. तोंड वेदनेने वासलेले आहे. बाजूला दोन आकृत्या आहेत, पण त्यांच्यापासूनही दिलासा मिळत नाही. जाड काळी रेषा हेच सूझांचे खरे सामर्थ्य. ती चर्चच्या रंगीत काचांना धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्टीसारखी आकृतीला आवळते. आज हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

हे पाखंड आहे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याला ख्रिस्तसभेच्या परंपरेतच आधार सापडतो. जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्ड याने इझेनहाइम येथील मठासाठी १५१२ ते १५१६ च्या सुमारास वेदीचित्र रंगविले. तेथील अंतोनीय मठवासी ‘संत अंतोनीचा अग्नी’ या भयंकर व्याधीच्या रुग्णांची शुश्रूषा करीत. चित्रातील क्रूसावरच्या ख्रिस्ताची त्वचाही व्रणांनी भरलेली आहे. रुग्णांना त्याच्यात आपला देह दिसत असे. सुंदर ख्रिस्त त्यांच्या कामाचा नव्हता. सूझांचा काळा, विद्रूप ख्रिस्त याच कुळातील आहे.

तथापि आपल्या समाजातील दुसऱ्या एका गोमंतकीय चित्रकाराचे स्मरण येथे आवश्यक वाटते. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन पवित्र मारियेला साडी नेसविली. त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आपली साधना चालविली. फोन्सेकांच्या चित्रापुढे प्रार्थना करता येते. सूझांच्या चित्रापुढे प्रार्थना करणे कठीण; तेथे माणसाने स्वतःचीच झडती घ्यावी. दोघांनीही परकीय साच्यातील ख्रिस्त नाकारला; एकाने त्याला आपल्या घरी आणले, दुसऱ्याने आपल्या जखमेत पाहिले.

सूझांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या क्रूसामागे पुनरुत्थानाची पहाट दिसत नाही. वेदना आहे, पण ती कोणासाठी सोसली याचे उत्तर नाही. त्यांच्या असंख्य स्त्रीप्रतिमांत आदरापेक्षा आक्रमण अधिक आहे, आणि पुढील काळात तीच मुखे, तीच टोके वारंवार येऊन सवयीची होतात. १९६७ साली न्यूयॉर्कला गेल्यानंतरच्या काळात त्यांनी मिश्र माध्यमाचा एक विलक्षण प्रकार मोठ्या प्रमाणात हाताळला. मासिकाचे गुळगुळीत पान घेऊन ते रसायनाने छापील शाई विरघळवीत, आणि ओघळलेल्या रंगावर आपल्या आकृती रेखाटीत. जाहिरातीतील हसरे चेहरे पुसले जाऊन तेथून सूझांची माणसे वर येतात. यांतील काही पाने केवळ हातचलाखी वाटतात. पण उत्तम पानांत तोच जुना ध्यास आहे. गुळगुळीत पृष्ठभागाखाली दडलेला माणूस त्यांना बाहेर काढावयाचा आहे. चर्चच्या भिंतीवरील गुळगुळीत ख्रिस्ताशीही त्यांचे भांडण याच कारणासाठी होते.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत सूझांचे निधन झाले. तो पवित्र गुरुवार होता. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. २०२४ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. आमच्या वाचकांनी मुलांना घेऊन एखाद्या रविवारी मिस्सेनंतर चर्चगेटची लोकल धरावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन संग्रहाचे दालन आहे. त्या संग्रहात सूझांची चित्रे आहेत. ती नेहमीच भिंतीवर असतात असे नव्हे, तेव्हा आधी चौकशी करावी. लहान मुलांना प्रत्येक चित्र दाखवावयाचे की नाही, हे पालकांनी ठरवावे.

घरातील वेदीवरून पवित्र हृदयाची तसबीर काढून तेथे सूझांचे चित्र लावा, असे आम्ही म्हणणार नाही. तसबिरीचे काम निराळे आहे. पण वर्षातून निदान प्रायश्चित्तकाळात तरी असे चित्र समोर ठेवावे. नाही तर क्रूस आपल्याला केवळ शोभेचा होऊन बसतो.

शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री पाहिले, तर मावशींनी ती प्रतिकृती पुन्हा सुलटी ठेवली होती. आम्ही काही विचारले नाही. त्याच म्हणाल्या, “बिचाऱ्याला कोणीतरी खाली उतरवायला हवे.” मावशींच्या पहिल्या वाक्याला आम्ही इतका वेळ शोधीत असलेले उत्तर हेच असावे.