पुनर्मीलनाच्या कथेचे आवाहन

एकदा तुटलेले प्रेम पुष्कळ वर्षांनी पुन्हा जुळते, एवढ्याच कथाबीजावर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजी प्रकाशनव्यवहारात आता 'सेकंड चान्स रोमान्स' असे स्वतंत्र नावच मिळाले आहे. आपल्याकडील अभ्यासक अशा कथांची बोळवण 'स्वप्नरंजन' या एका शब्दात करतात. हा आरोप अगदीच निराधार आहे, असे नाही. गेलेले परत मिळावे ही इच्छा कोणाला नसते? व्यवहारात ती क्वचितच पुरी होते. म्हणून ती पुरविणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक नेहमीच असणार. तथापि एवढ्याने या कथेच्या आवाहनाचा उलगडा होतो, असे आम्हांला वाटत नाही. परत मिळण्याचा आनंद हेच जर वाचकाचे साध्य असेल, तर मधला दीर्घ विरह तो इतक्या आवडीने का वाचतो? आणि प्रत्यक्ष भेटीपेक्षा भेटीच्या किंचित आधीचा एखादा प्रसंगच त्याच्या मनात का घर करून राहतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेशन'सारखी दुसरी कादंबरी नाही. जुलै १८१७ मध्ये लेखिका वारली. पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीस, तिच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. कथा थोडक्यात सांगता येते. अ‍ॅन एलियट एकोणिसाव्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थ या निर्धन नाविक अधिकाऱ्याशी ठरलेला विवाह, मातेसमान असलेल्या लेडी रसेलच्या सल्ल्यावरून, मोडते. आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन, पैसा मिळवून, परत येतो. अ‍ॅन आता सत्तावीस वर्षांची आहे, रूपाने उतरली आहे, आणि ती ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे, असे त्याचे उद्गार तिच्या कानी घातले जातात.

या कादंबरीचा शेवट लेखिकेने दोनदा लिहिला. जुलै १८१६ मध्ये लिहिलेली पहिल्या शेवटाची दोन प्रकरणे तिने पुढे काढून टाकली; त्यांचे हस्तलिखित सुदैवाने टिकले आहे. पहिल्या शेवटात अ‍ॅन आपल्या चुलतभावाशी, मिस्टर एलियटशी, विवाह करणार अशी वार्ता असते. ती खरी की खोटी हे विचारण्याचे अवघड काम अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थवर सोपवतो. अ‍ॅन वार्ता खोटी असल्याचे सांगते, दोघांच्या नजरा मिळतात आणि सर्व काही जुळते. गैरसमज दूर झाला, प्रेमिक एकत्र आले. बाजारात खपणाऱ्या बहुतेक पुनर्मीलनकथा अद्यापही येथेच थांबतात. ऑस्टिनला मात्र हा शेवट अपुरा वाटला.

तिने नवा शेवट लिहिला. बाथ शहरातील व्हाइट हार्ट या खाणावळीत एका खोलीत वेंटवर्थ पत्र लिहीत बसला आहे. जवळच अ‍ॅन कॅप्टन हारविलशी बोलते आहे. आशा संपल्यावरही प्रेम अधिक काळ कोण टिकविते, पुरुष की स्त्री, असा वाद आहे. अ‍ॅन वेंटवर्थला उद्देशून काहीच म्हणत नाही. म्हणू शकत नाही. पण तिची आठ वर्षे त्या बोलण्यातून बाहेर पडतात. त्याच्या हातून लेखणी पडते. तो ऐकतो आहे. मग तेथेच बसून तो तिला पत्र लिहितो. सारांश, पहिल्या शेवटात एक वार्ता खोटी ठरत होती. दुसऱ्यात एका माणसाचे दुःख दुसऱ्याच्या कानी जाते. वार्ता खोटी ठरून आठ वर्षांचा हिशेब लागत नाही, हे लेखिकेने ओळखले होते, असे आम्हांला वाटते.

आमच्या मते या कथाप्रकाराचे मर्म येथेच आहे. वाचकाला गेलेला माणूस हवा असतो, यात शंका नाही. पण त्याहून अधिक, मधल्या काळात आपण जे सोसले त्याची साक्ष त्या माणसाला पटावी, असे त्याला वाटत असते. तीही आपण तोंडाने न मागता. मागितलेल्या कबुलीत संकोचाचा आणि शिष्टाचाराचा अंश येतोच. म्हणून लेखक ऐकणाऱ्याला आडोशाला बसवतो.

हा आडोसा ऑस्टिनचा शोध नव्हे. संस्कृत नाटक शिकविणाऱ्या आपल्या शिक्षकवर्गाला भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'तील तिसरा अंक, तो छायांक, सांगावयास नको. परित्यागाला बारा वर्षे लोटली आहेत. राम पुन्हा जनस्थानात येतो; भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य झालेली सीता तमसेसह तेथेच असते. वासंती रामाला बोचरे प्रश्न विचारते, तो कोसळतो, विलाप करतो, आणि सीता सर्व ऐकते. तिच्या मनात रोष आहे, ममता आहे, आणि क्षणोक्षणी दोहोंचा तोल बदलतो. अश्वमेधात आपल्या जागी रामाने आपलीच सुवर्णप्रतिमा ठेवली आहे हे तिला कळते, तेव्हा परित्यागाच्या लज्जेचे शल्य निघाले असे ती म्हणते. प्रत्यक्ष भेट सातव्या अंकात आहे. पण वाचकाच्या दृष्टीने पुनर्मीलन येथे, तिसऱ्या अंकात, झालेले असते. वाल्मीकींच्या रामायणात सीता धरणीच्या उदरात जाते. हा शेवट बदलण्याचे धाडस भवभूतीने केले, आणि ते पचले ते या अंकामुळे. हा अंक वगळला तर सातव्या अंकातील भेट केवळ दैवी चमत्कार उरेल.

कालिदासाकडे आडोसा आहे, पण त्याआड नायिका नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात मेनकेची सखी सानुमती अदृश्य राहून दुष्यंताचा पश्चात्ताप पाहते आणि शकुंतलेला कळवावयास जाते. येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून त्याला निर्दोष केले. दोषच नाही तर क्षमा कशाची? आक्षेप वजनदार आहे, आणि या बाबतीत भवभूती अधिक कठोर, अधिक सच्चा आहे, असे आमचे मत आहे. त्याच्या रामाला कोणत्याही शापाची सबब नाही. परंतु कालिदासाने ठेवलेला क्रम पाहावा. सातव्या अंकात दुष्यंत शकुंतलेच्या पायांवर डोके ठेवतो आणि ती त्याला उठविते, तेव्हा शापाची वार्ता दोघांनाही ठाऊक नसते. मारीच ऋषी तो उलगडा नंतर करतात. म्हणजे क्षमा आधी आणि सबब मागाहून. शकुंतलेजवळ त्या वेळी सानुमतीने सांगितलेल्या पश्चात्तापाखेरीज काही नव्हते. मग दुष्यंत अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो. तिचा आता त्या अंगठीवर विश्वास नाही, ती त्यानेच घालावी, असे ती म्हणते. ती नवऱ्याचा स्वीकार करते, खुणेचा नाही.

ही दोन्ही नाटके परशुरामपंत गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणली होती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, ते पहिल्या चार अंकांपुरते. त्या रात्रीचे प्रेक्षक शकुंतलेची पाठवणी पाहून घरी गेले! चौथा अंक सर्वश्रेष्ठ हा जुना रसिकमताचा कौल आम्हांला मान्य आहे. पण वियोगापाशी थांबणारी ही आवड तपासण्याजोगी आहे.

मराठी कादंबरीने या कथेला फारसा थारा दिला नाही, त्याचे कारण आम्हांला वाङ्मयाबाहेर दिसते. अ‍ॅनने विवाह मोडला, तो परक्याच्या सल्ल्याने का होईना, पण स्वतः मोडला. तेव्हाच आठ वर्षांनी तिला पुन्हा विचारता आले. ज्या समाजात मुलीला पहिल्या वेळी विचारलेच जात नव्हते, तेथे दुसऱ्या वेळेचा प्रश्न कोठून उद्भवणार? विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. लगेच १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. त्यात यमुनेला दुसरा विवाह लाभतो, पण तो दुसऱ्या पुरुषाशी; पहिला मृत्यूने नेलेला. पुरुषाला मात्र दुसरी संधी रूढीनेच बहाल केलेली होती, आणि तिसरीही. देवलांच्या 'संगीत शारदे'चा पहिला प्रयोग जानेवारी १८९९ मध्ये इंदूरला झाला. त्यातला म्हातारा भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढावयास निघतो, तेव्हा त्याच्याआधीच्या बायकोने काय सोसले होते हे ऐकविणारे कोणीही पात्र रंगमंचावर नाही.