कुलवृत्तान्त आणि लेकींची नोंद

कुलवृत्तान्त हा मराठी ग्रंथरचनेचा एक स्वतंत्र प्रकार असूनही टीकाकारांनीं त्याकडे क्वचितच लक्ष दिलें आहे. घरोघर माहितीपत्रकें धाडून, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून व जुनीं कागदपत्रें ताडून संपादक हे ग्रंथ सिद्ध करतात. त्यांची चिकाटी खरोखर वंदनीय आहे. कोंकणांतील मूळ गांव सोडून कोणती शाखा सांगली-मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास आली, कोणती साताऱ्यास स्थिरावली, भिक्षुकी सुटून नोकरी केव्हां आली, हें अशा ग्रंथांतूनच कळतें. ज्या घरांस छापील वृत्तान्त लाभला नाहीं, अशा या भागांतील कित्येक घरांच्या पिढ्या हेळवी लोकांनीं आपल्या वह्यांतून जपल्या.

हें इतिहासाचें साधन आहे असें मानलें, म्हणजे त्यांतील एक मोठें न्यून मात्र डोळ्यांत भरतें. वंशवृक्षाच्या फांद्या बहुधा पुत्रांच्याच असतात. माहितीच्या पानांवर कन्येचें नांव व सासर दिलेलें असलें, तरी तिची ओळ तेथेंच संपते. हें न्यून भावनेपुरतें नाहीं. त्यानें ज्ञानाचीच हानि होते. डॉ. इरावती कर्वे यांनीं आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत मामेबहिणीशीं विवाह करण्याच्या मराठा समाजांतील चालीचें विवेचन केलें आहे. आत्या आपल्या मुलासाठीं भावाची मुलगी मागते आणि दोन घराणीं पुन्हां जोडलीं जातात. वृक्षांतून आत्याच गळाली, तर ही सोयरीक दिसावी कशी?

लोकसंख्याशास्त्राची रीत निराळी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेनें नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा जिल्ह्यांतील जननमानाची पाहणी १९५५ सालीं प्रसिद्ध केली, नी. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर हे तिचे कर्ते. अशा पाहणींत मुलीचा जन्म हाही जन्मच. आंकड्यांना नांवगांव नसतें, हें त्यांचें उणें. शिवाय जिल्ह्यांच्या सीमाही बदलतात. १९४९ सालीं सातारा जिल्हा विभागला गेला आणि दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. तें विसरून जुन्या-नव्या शिरगणत्यांची तुलना करणारा फसेल. तरी ज्यांस वृक्षांत जागा नाहीं, त्यांची मोजदाद तेथें होते.

ती काय सांगते? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें सांगली जिल्ह्यांत २००१ सालीं ८५१ मुली होत्या, २०११ सालीं ८६७. ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत ‘नकुशी’ नांवाच्या २८५ मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. याचा दोष कुलवृत्तान्तांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु वंश पुत्रानेंच चालतो ही समजूत दोहोंच्या मुळाशीं आहे, हें नाकारतां येणार नाहीं.

नव्या आवृत्तीच्या संपादकांस म्हणूनच आमची विनंति आहे. जन्मलेलें प्रत्येक अपत्य, अल्पायुषी असलें तरी, नोंदवावें. सुनेचें माहेर द्यावें. कन्येची ओळ निदान दोन पिढ्या पुढें न्यावी. ग्रंथ जाड होईल व खर्च वाढेल हें खरें. पण घराणें कसें बदललें याचें उत्तर त्याशिवाय पुरें होणार नाहीं.