नळीघर आणि कांचनजंगा

चार्ल्स कोरियांचे नाव निघाले की आपल्याकडे कौतुकाचा सूर लागतो आणि तो बहुधा कांचनजंगापाशीच लागतो. मुंबईत कंबाला हिलवरची ही ८४ मीटर उंचीची इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईला वारा पश्चिमेचा, समुद्रही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशेने येतो. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून या पेचातून वाट काढली होती. कोरियांनी तो व्हरांडा उचलून उंचावर नेला. इमारतीचे कोपरे कापून तिथे दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या आडोशाला घेतल्या. ही उकल मला अगदी पटते. फक्त ती ३२ सदनिकांपुरती आहे, आणि त्या तीन ते सहा शयनगृहांच्या आहेत.

म्हणून मला त्याआधी वीस वर्षांचे त्यांचे एक काम अधिक मोलाचे वाटते. १९६१-६२ मध्ये गुजरात गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी स्पर्धा घेतली. मागणी होती जिन्याच्या बहुमजली इमारतींची. कोरियांनी दाखवून दिले की अरुंद, लांब घरे एकमेकांना खेटून बांधली तरी तेवढीच कुटुंबे मावतात. हे ‘ट्यूब हाउस’. मी त्याला नळीघर म्हणतो. लांब भिंती शेजाऱ्याशी सामाईक असल्याने त्यांना ऊन लागत नाही. छत उतरते. तापलेली हवा त्या उतारालगत वर चढते, माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. दारापाशी हलत्या पट्ट्यांची झडप असते, तिने हा ओघ कमीजास्त करायचा. विजेचे काम कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. आतल्या खोल्यांना दारे जवळजवळ नाहीत. आडपडदा आहे तो जमिनीच्या पातळ्यांमधल्या फरकाचा. हवेला दार चालत नाही हे खरे, पण सासू, सून आणि परीक्षेला बसलेला मुलगा यांना ते लागते. (चाळीतला पडदा ही तडजोड आपल्या बायकांनी कुठल्याही वास्तुशास्त्रज्ञाला न विचारता केली होती.) हे घर १९९५ साली पाडले गेले. कांचनजंगा उभी आहे.

नळीघर जसेच्या तसे मुंबईत आणा, असे मी म्हणणार नाही. ‘परंपरागत बांधणी’ म्हणून वाडा, चौक, मातीची जाड भिंत यांचा एकत्र गजर करणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथेच. जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि रात्री सोडते. त्यासाठी रात्र थंड व्हावी लागते. पुण्यात, अहमदाबादेत ती होते. मुंबईत दिवस-रात्रीच्या तापमानात फारसे अंतर नाही आणि हवा दमट. तिथे अंगावरचा घाम वाळवणारा वाराच काय तो थंडावा देतो. वाड्याचा उमाळा इथे कामाचा नाही, आरपार खिडक्या कामाच्या.

सरकारी संहितेला हे कळलेले आहे. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त उष्ण-दमट प्रदेशातील घरांच्या उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे म्हटले आहे. म्हणजे एक षष्ठांश. पण हा हिशेब खिडकीचा आहे, खिडकीसमोर काय आहे त्याचा नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कित्येक इमारतींत समोरची भिंत इतकी जवळ असते की खिडकी उघडली तरी वारा येत नाही. मग ज्याला परवडते तो वातानुकूलन यंत्र लावतो. यंत्र खोलीतली उष्णता उचलून, तिच्यात स्वतःची भर घालून, त्याच अरुंद बोळात सोडते, आणि समोरच्या घराला आपली खिडकी लावून घ्यावी लागते.